शंकरपटाचे बैल आणि आमची दौड

दौडीनं तुम्हाला काय शिकवलं, असं कोणी विचारलं की माझं टाळकं सटकतं. जन्मभर खेळाची मास्तरीण म्हणून शाळेत शिट्टी फुंकली, त्यामुळे कुठल्या ना कुठल्या बक्षीस समारंभात हा प्रश्न येतोच. जिद्द शिकवली, शिस्त शिकवली, असं काहीतरी सांगून मी खाली बसते. खरं सांगायचं तर त्या दौडीनं मला एका ओट्यावर बसलेल्या माणसाचा राग करायला शिकवलं. माझे गुडघे कधीच गेले, पण राग अजून शाबूत आहे.

महाराष्ट्र राज्य होऊन एखाद-दुसरं वर्ष झालं असेल. अमरावतीला व्यायामशिक्षणाच्या वर्गात आम्ही आठ-दहा मुली होतो आणि त्यातल्या तिघी एका खोलीत राहत होतो. मी चांदूर रेल्वेची. दुसरी बडनेऱ्याची, तिचे वडील रेल्वेत. आणि तिसरी अकोल्याची, गिरणीकामगाराची थोरली लेक, आमच्यात सगळ्यांत उंच आणि सगळ्यांत कमी बोलणारी. तिला आम्ही अकोलेवालीच म्हणायचो.

शेवटच्या वर्षी मुलांना एक लांब दौड सक्तीची असायची. पहाटे अमरावतीहून निघायचं आणि दिवस बुडायच्या आत परतवाड्याला पोचायचं. तेही सडकेनं नाही. पांदणीतून, शेताच्या धुऱ्या-बांधावरून आणि पूर्णेच्या पात्रातून पळायचं. दौड पुरी झाली नाही तर प्रमाणपत्र मिळत नसे, आणि प्रमाणपत्र नसेल तर नोकरी मिळत नसे. मुलींना यातून सूट होती. या सवलतीवरून अकोलेवालीनंच सरांचं डोकं खाल्लं. ‘मुलाइले जमते तं आमाले काहून नाई?’ एवढं एकच वाक्य ती महिनाभर बोलत होती. शेवटी सर कंटाळले आणि म्हणाले, ठीक आहे, मग नियमही तोच. सबंध वाट स्वतःच्या पायानं पुरी करायची. जी करणार नाही, ती नापास.

त्याच दिवाळीत तिचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, झालं होतं. पूर्णेच्या अलीकडचं गाव, चांगली काळी जमीन असलेलं घर, आणि मुलगा त्याच गावच्या शाळेत मास्तर. ‘लग्नानंतर नोकरी करा, माही काई ना नाई,’ असं तो तिला म्हणाला होता. कमी बोलणारी ही मुलगी हे वाक्य आम्हाला इतक्यांदा ऐकवायची की बडनेरावाली कानात कापूस घालायची. तिला तो मनापासून आवडला होता. तिच्या वडिलांनी तिकडे ‘पोरगी मास्तरणीचं शिकते’ एवढंच सांगितलं होतं. त्यात खोटं काहीच नव्हतं. फक्त कसली मास्तरीण हे कोणी विचारलं नाही.

दौडीच्या पहाटे थंडीत कुडकुडत उभ्या होतो तेव्हा सरांनी आनंदाची बातमी दिली. वाटेतल्या एका गावचे मोठे शेतकरी मुलींचा सत्कार करणार आहेत, चहापाणी देणार आहेत, म्हणून या खेपेला वाट गावाबाहेरून न जाता गावातून जाईल. त्यांनी गावाचं नाव घेतलं तशी अकोलेवालीनं माझा दंड धरला.

‘ते माह्या सासऱ्याचं गाव हाय,’ ती म्हणाली.

‘मंग सांग सराले.’

‘सांगून काय होते? घरीच बसवतीन. पानी पिऊ अन् निघू.’

सरांना माणूस कोण, घर कुठलं, काही ठाऊक नव्हतं. फुकटचा सत्कार मिळतो म्हणून त्यांनी होकार दिला होता.

आम्ही पांढरे सलवार-कमीज घातले होते, ओढणी कमरेला करकचून बांधली होती, पायात कॅनव्हासचे बूट होते. ज्वारी कापून झालेल्या शेतांत धसकटं उभी होती आणि ती बुटातून टोचत होती. काळ्या जमिनीला पडलेल्या भेगांत पाय गेला तर घोटा तिथंच राहायचा. सर सायकलवर होते. जिथं वाट मिळेल तिथं यायचे आणि एकच मंत्र म्हणायचे, थांबलात तरी चालेल, बसू नका. बसलात की पाय आखडतात. ही गोष्ट मात्र खरी आहे. आम्ही तिघी पुढे होतो, बाकीच्या बऱ्याच मागे.

गावात पोचलो तर काय थाट. चौकात सतरंज्या, पाण्याचे माठ, झेंडूचे हार. मोठ्या घराच्या ओट्यावर उभं राहून ते शेतकरी भाषण देत होते. धिप्पाड माणूस, आवाजही तसाच. ‘आता पोट्ट्या पोट्ट्याइपेक्षा कमी नाईत. देशाले अशाच पोट्ट्या पायजे. ज्याच्या घरी अशी पोट्टी, त्याचं नशीब.’ लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग ते खाली उतरले. माझ्या गळ्यात हार घातला. बडनेरावालीच्या गळ्यात घातला. तिसरा हार घेऊन वर पाहिलं आणि त्यांचा हात तसाच राहिला.

अकोलेवालीनं कमरेची ओढणी सोडली, डोक्यावरून घेतली आणि त्यांच्या पाया पडली. तिच्या तोंडावरचा घाम तसाच होता. घरातल्या बाया दारात आल्या आणि तिथंच खिळल्या. तिचा नवरदेव ओट्यावर खांबाला टेकून बसला होता. त्यानं तिला ओळखलं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. ओळखलं आणि तो स्वतःच्या पायाचे अंगठे बघायला लागला.

‘हे काय हाय मास्तर?’ सासऱ्यांनी सरांना विचारलं. ‘आमची सून उघड्या डोक्यानं गावोगाव पळून राह्यली?’

सरांच्या हातात चहाची बशी होती. मला कल्पना नव्हती, मला कल्पना नव्हती, एवढंच ते पुटपुटत राहिले. माझ्याच्यानं राहवलं नाही. ‘आत्ताच तं म्हनत होते का देशाले अशा पोट्ट्या पायजे,’ मी म्हटलं. सासरे माझ्याकडे पाहिनातच, पण सरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू गुन्हा मीच केला होता. देशाला पाहिजे होत्या, घराला नको होत्या, एवढाच काय तो फरक.

सासरे आवाज उतरवून म्हणाले, झालं ते झालं, पोरीला घरात घ्या, संध्याकाळी पडद्याच्या दमणीतून परतवाड्याला सोडू. दमणी म्हणजे माणसं न्यायची हलकी बैलगाडी. बाया पुढे झाल्या, एकीनं तिच्या अंगावर लुगडं टाकलं. मी सरांकडे वळले आणि विचारलं, दमणीतून गेली तर पास होईल का. सरांनी चहाचा घोट घेतला आणि मान हलवून नाही म्हणाले. म्हणजे सासऱ्याचं ऐकलं तर नोकरी गेली, आणि नाही ऐकलं तर लग्न. ती ओट्याकडे बघत होती. तिकडून एक शब्द आला असता तरी पुरे होतं. ‘जाऊ द्या तिले,’ एवढे तीन शब्द. तो मास्तर होता, तोंड उघडायचा पगार घेत होता. त्यानं तोंड उघडलं नाही.

मग तिनं लुगड्याची घडी घातली, सासूच्या हातात दिली आणि म्हणाली, ‘मामाजी, मले पायानंच पुरी करा लागते. दमणी मांगून येऊ द्या. आत्याबाई बसतीन दमणीत. म्हंजे सून एकटी गेली असं कोनी म्हननार नाई.’

सगळं गाव ऐकत होतं. आता चौकात सुनेशी हुज्जत घालणं त्यांना शोभणार नव्हतं. आणि दुसरी गोष्ट अशी की त्यांचे बैल. शंकरपटात, म्हणजे आमच्याकडच्या बैलांच्या शर्यतीत, त्या जोडीनं भल्याभल्यांना मागे टाकलं होतं. पांढरीशुभ्र जोडी, अंगावर माशी बसू द्यायचे नाहीत. ते हसले. म्हणाले, ‘चाल. पाहू किती पळतं.’ आणि दमणी जुंपून स्वतःच हाकायला बसले, कारण ती जोडी ते दुसऱ्या कोणाच्या हातात देत नसत. सासू मागे बसली.

गावाबाहेर पडेपर्यंत दमणी आमच्या मागं होती. मग त्यांना काय हुक्की आली कोण जाणे. त्यांनी बैलांना इशारा केला आणि आमच्या अंगावर धुरळा उडवत पुढे गेले. पुढच्या बाभळीखाली थांबून मागं बघत राहिले. आम्ही त्यांच्या बाजूनं निघून गेलो. पुन्हा त्यांनी बैल पळवले, पुन्हा थांबले. पटाचे बैल ते. घटकाभर वाऱ्यासारखं पळायचं त्यांना माहीत. दिवसभर एका चालीनं जायचं त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं. अकोलेवालीची चाल मात्र सकाळपासून बदलली नव्हती. तिनं ना दमणीकडे पाहिलं, ना वेग वाढवला. शर्यत तो माणूस एकटाच लावत होता. सासू आतून म्हणत होती, ‘अवो, जनावराले दम खाऊ द्या.’ पण ऐकतो कोण.

पूर्णेच्या रेतीत दमणीची चाकं रुतली. तिथं बैलांनी तोंडाला फेस आणला. पलीकडच्या चढावर डावा बैल जूसकट खाली बसला. त्यांनी चाबूक काढला. एक ओढला, दुसरा ओढला. बैलाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

आम्ही पुढे गेलो होतो, पण तो आवाज ऐकून अकोलेवाली मागे फिरली आणि तिच्यामागं आम्हीही. तिथवर ती कुठं एकदाही बसली नव्हती. ती सासऱ्यांच्या चाबकासमोर वाकली, बैलाच्या गळ्याचं जोतं सोडलं, खांद्यावरची पाण्याची बाटली काढून त्याच्या तोंडात ओतली. बसायचं नाही हे माहीत असून ती त्याच्या मानेशी बसली. ‘आता मारू नका, मामाजी,’ ती म्हणाली. ‘तो थकला हाय.’ मग हात टेकून उठली. तिचे गुडघे कसे वाजले ते मी ऐकलं. सासऱ्यांच्या हातात चाबूक तसाच लोंबत होता. सासू दमणीतून उतरली, तिनं सुनेच्या पाठीवर नुसता हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

दिवस बुडता बुडता आम्ही तिघी परतवाड्याला पोचलो. शेवटचं अंतर ती लंगडत आली, पण पायानंच आली. सरांनी तिची पाठ थोपटली. चहाची बशी मी विसरले नव्हते, म्हणून मी माझी पाठ त्यांना थोपटू दिली नाही.

दोन आठवड्यांनी तिचे वडील अकोल्याहून आले. बडनेऱ्याला उतरून तिथून चालत आले होते. वसतिगृहाच्या पायरीवर बसले आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. सोयरीक मोडली होती. पोरगी पळते म्हणून मोडली असं नव्हतं, तसं म्हणायची लाज वाटली असावी. मध्यस्थाजवळ सासरे म्हणाले होते, ‘जे पोट्टी पटाच्या बैलाले खाली बसवते, ते घरात कोनाले उभं राहू देईन?’

‘म्हनतेत का बैल आठ दिवस उठला नाई,’ वडील म्हणाले.

‘आता उठला का?’ तिनं विचारलं.

मी तिच्यावर इतकी भडकले की सांगता सोय नाही. त्या माणसानं स्वतःच्या घमेंडीपायी जनावर बसवलं, त्याचा दोष तुझ्या माथी मारला, आणि तू बैलाची चौकशी करतेस? बैताड आहेस का? ती म्हणाली, ‘बैलानं माहं काय केलं होतं?’ तिच्या वडिलांनी टोपी डोक्यावर घातली आणि ‘पास झाली ना?’ एवढंच विचारलं. हो म्हटल्यावर ते उठले.

आणि मग एका दुपारी तो आला. नवरदेव. सायकलनं आला होता, धोतर गुडघ्यापर्यंत धुळीनं भरलेलं. फाटकाशी उभा राहिला. अकोलेवालीनं मला सोबत नेलं.

‘बाबा ऐकून नाई राह्यले,’ तो म्हणाला. ‘पन मी जमवतो. तुमी एकडाव येऊन माफी मागा अन् आता पळनार नाई म्हना. बस.’

मी तोंड उघडणार तोच तिनं माझा हात दाबला.

‘माफी मागतो,’ ती म्हणाली. ‘पळनंही सोडतो. फक्त एक सांगा. त्या दिवशी तुमी ओट्यावून खाली काहून नाई उतरले?’

त्यानं हँडलवरची धूळ बोटानं पुसली. ‘बाबा होते ना समोर.’

‘बाबा तं दमणी घेऊन माह्या मांगं आले होते,’ ती म्हणाली. ‘मंग ओट्यावर कोन होतं?’

 ती त्याला खरंच संधी देऊन थांबली, हे मी शपथेवर सांगते. मग ओढणी कमरेला बांधत सरावासाठी मैदानाकडे निघून गेली. मी मात्र फाटकाशीच उभी राहिले, कारण मला उत्तर ऐकायचं होतं. तो सायकलीचं हँडल पुसत राहिला, आणि ते हँडल केव्हाच स्वच्छ झालं होतं.