पस्तीसचा काटा

आई दोन वाफ्यांमधल्या अरुंद वाटेत आडवी पडली होती. ओठ पांढरे. आणि शेठ म्हणत होता, "तुमा लोकांना कसलं ऊन बाधतंय! उठंल जरा वेळानं."

मे महिना, दुपारचा एक. खोडदच्या शिवारातलं शेठचं जरबेऱ्याच्या फुलांचं पॉलिहाऊस. आत प्लास्टिकखाली नुसती वाफ. आई आणि मी आठ वर्षं तिथं मजुरीला होतो.

खरं सांगायचं तर शेठचं ते वाक्य आधी आमचंच होतं. आमच्या बौद्धवस्तीतल्या बाया तोऱ्यात सांगायच्या, आम्हाला ऊन लागत नाही, थंडी वाजत नाही. आई सकाळी घोटभर चहा घेऊन निघायची आणि दिवसभर पाण्याला शिवायची नाही. त्यामागं तोरा कमी, लाज जास्त. तिथं बाईमाणसाला आडोसा नव्हता. शेठच्या घरात संडास होता, पण त्या उंबऱ्याच्या आत आमच्यातलं कोणी कधी गेलं नाही. लघवीला जळजळ व्हायची. आई म्हणायची, "उष्णता हाय, जाईल." वर्षानुवर्षं जात नव्हती.

थंडीतही तेच. जरबेरा कापत नाहीत, देठ धरून उपटतात आणि लगेच पाण्याच्या बादलीत ठेवतात. सकाळच्या गारठ्यात बोटं बधिर व्हायची. आईचा खोकला होळीपर्यंत हटायचा नाही. फुलांना मात्र गारठा लागू नये म्हणून शेठ संध्याकाळी न चुकता बाजूचे पडदे खाली सोडायचा.

आत खांबाला तापमापक होता. काटा पस्तीसवर गेला की शेठ फॉगर लावायचा. वरच्या नळ्यांतून धुक्यासारखं पाणी उडायचं. फुलांसाठी, मिनिटभर. तेवढ्यात आम्ही तोंडं वर करून घ्यायचो. त्या मिनिटाला मी सुख समजत होते. आज सांगायलाही लाज वाटते.

त्या दुपारी मिनिटभराचा फॉगर होऊन गेला होता, तरी काटा बेचाळीसवर होता. मी उठले आणि फॉगरचं बटण दाबलं. आईच्या अंगावर पाणी पडायला लागलं. शेठ धावत आला.

"बंद कर! फुलावर पाणी बसलं का डाग पडत्यात!"

त्यानं बंद केलं. मी पुन्हा चालू केलं आणि बटणावर हात ठेवून उभी राहिले. "आधी माजी आई."

"उद्यापासनं येऊ नका."

आईला रिक्षात घालून नारायणगावला नेलं. सलाईन लागलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ऊन आणि पाणी न पिणं, दोन्हीनं किडन्या दुखावल्यात, आता उन्हात काम नाही. आई तेव्हापासून घरीच आहे. चुलीपुढं बसली तरी तिला घेरी येते. अजून पन्नाशीही गाठली नाही तिनं.

दुसऱ्या दिवशी आमच्याबरोबर तिथं राबणाऱ्या वस्तीतल्या बाकीच्या सहाजणीही कामाला गेल्या नाहीत. मी कोणाला सांगितलं नव्हतं. फुलं कोणासाठी थांबत नाहीत. तिसऱ्या दिवशी शेठची गाडी वस्तीवर आली. तो उतरला नाही, काच खाली केली. "या की आता. झालं ते झालं."

मी म्हणाले, "आडोसा करा. आन् काटा पस्तीसवर गेला का आमी भाईर."

तो हसला. "काटा वाचता येतो व्हय तुला?"

"आठ वरसं तुमच्याबरुबरच बघतेय."

आडोसा झाला, पत्र्याचा, आणि आम्ही सातजणी कामावर परतलो. मी दमले आहे. हे भांडण एकदा करून संपत नाही, रोज नव्यानं करावं लागतं. गेल्या आठवड्यात शेठनं खांबावरचा तापमापक काढून घरात नेला. मी जुन्नरच्या बाजारातून दुसरा आणला. तो माझ्या पिशवीत असतो.

पस्तीस झालं की मी हातातलं काम टाकते आणि बाहेर पडते. मागून सहाजणी येतात. शेठ ओरडतो, ओरडू दे. यापुढं आमच्यातल्या एकीलाही तिथून उचलून आणायचं नाही. प्रत्येक बाई आपल्या पायांनी बाहेर येईल.