एक थांबा पुढचं तिकीट

मला कॉफी आवडत नाही. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. रोज सकाळी घरातल्या चहाआधी माझ्यासाठी वेगळी कॉफी करणाऱ्या बायकोलाही नाही. मला हवा असतो चहाच. पण ‘च’ माझ्या तोंडातून निघत नाही. जीभ टाळूला चिकटते ती सुटतच नाही. कॉलेजच्या कँटीनमध्ये एकदा ‘कॉफी’ म्हणून सुटका करून घेतली, तेव्हापासून कॉफीच पितोय.

मी तोतरा आहे. पण मोठेपणी माझं अडखळणं कुणी ऐकलेलं नाही, कारण अडकणारा शब्द मला थोडा आधीच दिसतो आणि मी वळसा घालतो. दुसरा शब्द घेतो, नाहीतर गप्प बसतो. लोकांना वाटतं, माणूस अबोल आहे, तोलूनमापून बोलतो. ऑफिसात त्याबद्दल मानही मिळतो. आम्ही राहतो चंदनसारला. फ्लॅट घेताना पाणी पाहिलं, स्टेशन किती लांब ते पाहिलं, नावाचं पहिलं अक्षर पाहायचं तेवढं राहून गेलं. रिक्षात बसताना मी नेहमी मागे रेंगाळतो, म्हणजे कुठे जायचं ते बायको सांगते.

माझी मुलगी मात्र उघड अडखळते, अगदी लहानपणापासून. आता ती कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे. फोनवर गॅसवाल्याशी भांडताना मधेच अडकते आणि सुटली की जिथे सोडलं तिथूनच भांडण उचलते.

ती अडखळायला लागली तेव्हा घरात एकच प्रश्न होता : हे आलं कुठून? बायकोचे मामा वसईजवळच्या एका गावात राहतात, त्यांची केळीची वाडी आहे. तेही अडखळतात, पण त्याचं त्यांना काही वाटत नाही. आमच्याकडे केळी घेऊन यायचे, मुलीला मांडीवर घेऊन गोष्टी सांगायचे. गोष्टीतला वाघ झाडामागून निघता निघत नसे आणि मुलगी श्वास रोखून बसायची.

एके दिवशी जेवताना माझी आई म्हणाली, “मामाकडचं आहे हे. ऐकून ऐकून उचललंय पोरीनं.”

आई हे माझ्याकडे न बघता म्हणाली. मला लहानाचं मोठं तिनेच केलं होतं. मी घरात कसा बोलायचो, शाळेत जायला का रडायचो, तिला सगळं ठाऊक होतं. मला झाकायला तिने मामांना पुढे केलं आणि मी भात कालवत राहिलो. बायकोने मान खाली घातली. पुढे डॉक्टरांनी विचारलं, “घरात आणखी कुणाला आहे का?” तेव्हाही तीच म्हणाली, “माझ्या मामांना.” मी शेजारच्या खुर्चीत होतो.

कुजबुज मामांच्या कानावर गेलीच. शेवटचे आले तेव्हा आत बसलेही नाहीत. केळ्यांची पिशवी दारात ठेवून मला म्हणाले, “जावई, मी नाय येत आता. पोरीचं बोलनं सुदरू दे आदी.” ‘जावई’ म्हणायला त्यांना किती वेळ लागला ते मला अजून आठवतं. मी म्हणालो, “बरं.” तो शब्द अजिबात अडकला नाही.

आई जाऊनही आता काही वर्षं झाली. मग ठाऊक असलेला मी एकटाच उरलो.

गेल्या महिन्यात मुलीने आम्हा तिघांची सिनेमाची तिकिटं काढली. “बाबा, यातला हिरो अडखळतो म्हणे. बघूया तरी, ब… बरोबर करतो का.”

माझी जायची तयारी नव्हती. सिनेमात आम्ही असतो ते हसवायला. त-त, प-प करणारा नोकर, नाहीतर लग्न न जमणारा मित्र. अशा वेळी हॉल हसतो, आणि मीही हसत आलोय, शेजाऱ्यापेक्षा जरा मोठ्याने.

हा सिनेमा तसा नव्हता. त्यातला माणूस तालुक्याच्या गावी कारकून आहे. एस.टी.त कंडक्टर विचारतो, “कुठे?” तो तोंड उघडतो आणि काहीच येत नाही. त-त नाही, प-प नाही. खरं अडकणं मुकं असतं, हे मी प्रथमच कुणाला पडद्यावर दाखवताना पाहिलं. मानेची शीर ताठ होते, नजर खिडकीबाहेर सटकते, चपलेत अंगठा दाबला जातो. मग तो भलत्याच गावाचं नाव घेतो, अगदी सहज. आपला थांबा मागे जाऊ देतो, पुढच्या थांब्यावर उतरतो आणि पिशवी सांभाळत उलट चालत येतो.

हॉल हसला. लोकांना वाटलं, याला डुलकी लागली असेल. माझा अंगठा बुटात दाबलेला होता. आयुष्यभर मला वाटत आलं होतं की ही लबाडी माझी एकट्याची आहे, मीच शोधून काढलेली. आणि इथे कुणीतरी ती नीट पाहिली होती, अंगठ्यापर्यंत. त्या नटाला हे कुणी शिकवलं असेल? उठून त्याच्या पाया पडावंसं वाटलं.

पुढे त्याच्या बहिणीच्या लग्नाची बोलणी असतात. सगळे बसलेत आणि त्याला काही सांगायचंय. तो अडकतो. कॅमेरा हलत नाही. संगीत नाही. कुणी त्याचा शब्द पुरा करत नाही. हॉलमध्ये चुळबूळ झाली, कुणी खोकलं, मग तेही थांबलं. शेवटी शब्द आला, साधाच होता. पण तेवढा वेळ अख्खं थिएटर एका तोतऱ्या माणसासाठी थांबलं होतं. आणि शेवटी तो बरा वगैरे होत नाही. त्याबद्दल मी त्या दिग्दर्शकाचा जन्मभर ऋणी राहीन.

बायको डोळे पुसतच बाहेर आली. “मामांची आठवण झाली गं.”

“मामाआजोबा असे नाहीयेत, आई,” मुलगी म्हणाली. “ते अडकतात, पण हवं तेच बोलतात. हा शब्द ब… बदलतो.” मग तिने माझ्याकडे पाहिलं. “हा बाबासारखा आहे.”

“काहीतरीच! ह्यांचं कुठे अडकतं? बोलले तर अडकेल ना!”

मुलगी हसली नाही. “बाबा?”

‘निघूया’ हा शब्द तोंडात तयार होता. तो मी गिळला. म्हटलं, “मी…” आणि पुढचा शब्द चिकटला. लोक पॉपकॉर्नचे डबे घेऊन आम्हाला वळसा घालून जात होते. शब्द कोणता ते मुलीला कळलं होतं, तिच्या डोळ्यांत दिसत होतं. पण तिने तो पुरवला नाही. ती थांबून राहिली.

“…चुकलो. माझंही अडकतं. पहिल्यापासून.”

बायको रडली नाही. “डॉक्टरांकडे तुम्ही माझ्या शेजारी बसला होतात.”

“हो.”

“आणि सासूबाई?”

“तिला ठाऊक होतं.”

तिने पर्स खांद्यावर घेतली आणि जिने उतरायला लागली. रिक्षात मुलगी म्हणाली, “बाबा, त्या हिरोपेक्षा तू जास्त वेळ अ… अडकलास हं.” मला हसू आलं. बायकोला नाही.

घराच्या दारात किल्ली लावताना तिने विचारलं, “मामांना कोण सांगणार?”

त्यानंतर मायलेकी दोनदा वाडीवर जाऊन आल्या. मामा थकलेत, ऐकू कमी येतं, गोष्टी मात्र अजून सांगतात म्हणे. बायकोने त्यांना काही सांगितलं नाही. “ते तुमचं तुम्ही बोला,” म्हणाली.

मी अजून गेलेलो नाही. पोरीचं अडखळणं माझ्याकडून आलं, तुमच्याकडून नाही, हे मामांच्या समोर बसून, मोठ्याने, अडकत अडकत सांगायचं, एवढं मी त्यांचं देणं लागतो.