भिंतीवरचा कडुबा

कन्नड तालुक्याकडच्या खेड्यांत दर चार घरांआड एक कडुबा सापडतो. आधीची लेकरं जगली नाहीत की आई नव्या पोराचं नाव असं कडू ठेवते. मरणानं तोंडात घेतलं तरी थुंकून टाकावं म्हणून. हवालदार कडुबा सोनवणे त्यातलाच. आधीची भावंडं पाळण्यातच गेली, हा जगला, पलटणीत गेला, पेन्शनीवर आला, पडेगावात दोन खोल्या बांधल्या आणि आता वाळूजच्या एका कंपनीच्या गेटवर गळ्यात शिट्टी अडकवून बसतो. माणूस सरळ. खोड एकच. नावानं हाक मारली की लगेच ओ देत नाही, जरा थांबतो. ट्रकवाले म्हणतात, बाबा बहिरा झाला.

बहिरा कसला! त्याच्या पलटणीत गंगापूरकडचा आणखी एक कडुबा सोनवणे होता. हाक आली की दोघं एकदम ओ द्यायचे आणि सगळी बराक हसायची. एके हिवाळ्यात तो दुसरा वर बर्फातल्या चौकीवर पहाऱ्याला गेला, हिमकडा कोसळला, चौकी, तंबू, माणसं सगळं गडप. प्रेतसुद्धा हाती लागलं नाही. पाळी खरं तर आपल्या कन्नडवाल्याची होती. दाढ सुजून तोंड उघडेना म्हणून डॉक्टरनं त्याला खाली ठेवून घेतलं. यात त्याचा काय गुन्हा? काहीच नाही. पण हाक आली की तो अजून दुसऱ्या आवाजाची वाट बघतो.

यंदा छावणीत पलटणीचं संग्रहालय उघडलं आणि उद्घाटनानंतर पंधरा दिवसांनी जुन्या सैनिकांना सहकुटुंब बोलावणं आलं. बायको आवडाबाई ठेवणीतलं पातळ नेसल्या. बारावीतली लेक श्रेया मोबाइल घेऊन पुढं. काचेआड जुन्या बंदुका, फाटके झेंडे, कुणाचा तरी चेपलेला मग. एका कोपऱ्यात पांढरा बर्फाचा पोशाख घातलेला पुतळा उभा होता, डोळ्यांवर काळा चष्मा. त्याच्यासमोर कडुबाचे पाय आपोआप थबकले. आत कुणी असल्यागत त्याला वाटलं.

तेवढ्यात श्रेया शेवटच्या दालनातून परत आली.

"पप्पा, तिथं तुमचा फोटो लावलाय."

ते शहिदांचं दालन होतं. ओळीनं फोटो, प्रत्येकाला चंदनाचा हार, वर तांबडा दिवा. मधोमध पंचविशीतला कडुबा, मिसरूड कोरलेला. खाली लिहिलं होतं: शहीद कडुबा सोनवणे.

आवडाबाई हाराकडं हात करून पुढं झाल्या. "जित्या माणसाला हार घातला ह्या लोकांनी," त्या म्हणाल्या. "आत्ताच्या आत्ता उतरवा."

तिथला सुभेदार वयानं कडुबाहून लहान, बिचारा ओशाळला. दोघांचं नाव एक, कागदं एका पाकिटात गेली असतील, असं म्हणाला. त्या दुसऱ्यांचा फोटो आमच्याकडं नाही. तेवढा आणून द्या, लगेच बदलतो.

घरी येताना रिक्षात आवडाबाई सारख्या नवऱ्याच्या दंडाला हात लावून बघत होत्या, अंग ऊन आहे ना. कडुबाला हाराचं काही वाटलं नव्हतं. त्याला सलत होतं ते वेगळंच. त्या गड्याचं अंग बर्फानं नेलं, आणि भिंतीवर तोंड दाखवायची एवढी एक जागा होती, तीबी आपणच अडवून बसलो. काही झालं तरी त्याचा फोटो तिथं लावायचा, असं त्यानं ठरवलं.

गंगापूरपर्यंत एसटी, पुढं जीप. मित्राची बायको मनकर्णाबाई दारातच तूर पाखडत होती. पन्नाशीची बाई, कपाळावर ठसठशीत कुंकू, हातभर हिरव्या बांगड्या. तिला विधवा म्हणायचं धाडस गावानं कधीच सोडून दिलं होतं. ओट्यावर बसवून तिनं चहा दिला. आत समोरच्या भिंतीवर फोटोत गंगापूरवाला हसत होता, गळ्यात हार नाही.

कडुबानं चाचरत सगळं सांगितलं. मनकर्णाबाईनं सूप खाली ठेवलं.

"मी बघितलाय तो फोटो, भाऊजी. उद्घाटनाला नेलं होतं मला. शाल त्याच्यापुढंच दिली."

"मग बोलल्या का नाय, वहिनी?"

"काय बोलू? जाताना म्हटलं, आता ह्यांचा फोटो हार घालून दाखवतील, मग हे गेले म्हणून मला मानावंच लागंल. पडदा सरकला अन् बघते तर तुमी." तिनं पदरानं तोंड पुसलं. "अन् तुमी तर जित्ते. लई हलकं वाटलं मला. पाप लागंल, पर वाटलं."

कडुबानं कप खाली ठेवला.

"हा फोटो नेऊ नका," ती हळूच म्हणाली. "तिथं गेला की हार पडंल. मग हे कुंकू, ह्या बांगड्या, मला काहीच ठेवता यायचं नाय. तुमाला चालत असंल तर तुमचाच राहू द्या."

चहावर साय धरली. भिंतीवरचा गडी त्याच्याकडंच बघत होता. शेवटी कडुबा म्हणाला, "राहू द्या वहिनी," आणि जीपच्या वाटेला लागला.

परतताना तो छावणीत उतरला. सुभेदारानं विचारलं, "आणला फोटो?"

"साहेब, माझीच चूक झाली. घरच्या बायामाणसांनी गलका केला अन् मीबी गडबडलो. हा मी नाही. गंगापूरवालाच आहे. आम्ही दिसायला सारखेच होतो."

सुभेदारानं एकदा फोटोकडं, एकदा त्याच्याकडं बघितलं. कडुबानं पुढं होऊन भिंतीवरच्या आपल्या गळ्यातला तिरपा झालेला हार सरळ केला.

आवडाबाई दारातच वाट बघत होत्या. "उतरवला?"

"उतरवला."

उभ्या संसारात तो बायकोशी पहिल्यांदाच खोटं बोलला. आवडाबाईंनी त्याला पाटावर बसवलं, मुठीत मीठ, मोहऱ्या, लाल मिरच्या घेतल्या, डोक्यापासून पायापर्यंत ओवाळल्या आणि तापल्या तव्यावर टाकल्या. मिरच्या तडतडल्या. दोन्ही खोल्या धुरानं भरल्या. श्रेया खोकत अंगणात पळाली, आवडाबाईंच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, शेजारच्या घरातूनबी खोकल्याचा आवाज आला.

पाटावरच्या कडुबाला ठसका लागला नाही. डोळे उघडे ठेवून तो धुरात तसाच बसून राहिला.

आवडाबाई त्याच्याकडं बघत राहिल्या. मग त्याच्यासमोर खाली बसल्या आणि रिक्षातल्यासारखा त्याच्या दंडाला हात लावून बघितला.

"खोका की," त्या म्हणाल्या. "जरा तरी खोका."