बिनतारी बाटली

परिसंवादाचं निमंत्रण आलं की मी ते न उघडता रद्दीत टाकतो. लोक म्हणतात, निवृत्त झाल्यापासून हा माणूस तिरसट झालाय. निवृत्तीचा काही संबंध नाही. नव्वदच्या दशकात मी सांगलीजवळच्या एका कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवत होतो आणि तिथंच एकदा विद्वान व्हायला निघालो होतो. तेव्हापासून विद्वान मंडळी माझ्या डोक्यात जातात, आणि त्यांच्यात पहिला नंबर माझा लागतो.

'आंतरविद्याशाखीय' हा शब्द तेव्हा आमच्या स्टाफरूममध्ये नवा होता. धड कुणाला उच्चारता येत नसे, पण अर्जावर तो असला की प्रकल्प मंजूर होतो अशी सगळ्यांची श्रद्धा होती. सांगलीतच अर्थशास्त्राचे एक प्राध्यापक होते. नवी वस्तू आली की ती कोण आधी घेतं, कोण मागून घेतं आणि कोण घेतच नाही, यावर त्यांचा अभ्यास. स्वतःच्या घरी मिक्सर घ्यायला त्यांनी दहा वर्षं लावली होती, ते सोडा. त्यांची साताऱ्याच्या एका डोळ्यांच्या डॉक्टरांशी ओळख होती. डॉक्टरांना परदेशातल्या परिषदेत निबंध वाचायचा होता, प्राध्यापकांना विभागप्रमुख व्हायचं होतं आणि मला पीएचडी हवी होती. ज्ञानाची अशी तहान लागलेले आम्ही तिघं एकत्र आलो. तीन तिघाडा काम बिघाडा, ही म्हण आम्हा तिघांनाही पाठ होती.

विषय ठरला काचबिंदूचा. काचबिंदूत डोळ्यातला दाब वाढतो. दुखत नाही, खुपत नाही, नजर मात्र कडेकडेनं जात राहते. गेलेली परत येत नाही. उरलेली टिकवायची तर सकाळ-संध्याकाळ डोळ्यात थेंब घालायचे, जन्मभर. डॉक्टरांची तक्रार अशी की पेशंट थेंब घालत नाहीत आणि विचारलं की 'घातले' म्हणून ठोकून देतात. तेव्हा पेशंटवर लक्ष ठेवणारं यंत्र हवं. ते मी करायचं.

केलं. थेंबांची बाटली ठेवायला एक बैठक. बाटली उचलली की बैठकीतली कळ सुटायची, रेडिओ लहर निघायची आणि समोरच्या फळीवरच्या दुसऱ्या डब्यात ती वेळ नोंदली जायची. थेंबांची वेळ झाली की बैठकीवरचा तांबडा दिवा लुकलुकायचा, बाटली उचलली की विझायचा. महिन्याला मी डब्यातली चिप काढून आणायचो आणि कॉलेजातल्या प्रिंटरवर कागद छापायचो. जितक्या वेळा बाटली उचलली तितके ठिपके. बैठक आणि फळी यांत अंतर असायचं दोन-तीन हात. एवढ्याला वायर पुरली असती. पण वायरवर कुणी पीएचडी देत नाही, म्हणून यंत्र बिनतारी.

डबे करायला मी कुपवाडच्या एका वर्कशॉपमध्ये गेलो. तिथले मिस्त्री साठीच्या आसपासचे. त्यांना स्वतःलाच काचबिंदू होता. डावा डोळा कळायच्या आत गेला होता, उजवा उरला होता आणि त्या एका डोळ्यावर ते अजून लेथ चालवत होते. मायक्रोमीटरवर जे माप यायचं ते आधी त्यांच्या बोटाला कळलेलं असायचं. मी ॲल्युमिनियमचे डबे सांगितले, त्यांनी सुरेख करून दिले. आणि लहर काही बाहेर येईना. दोन आठवडे मी सर्किट उलटंपालटं करत बसलो. मिस्त्री एक दिवस हातातलं काम थांबवून म्हणाले, "साहेब, आमच्या पत्र्याच्या शेडात रेडिओ धरत न्हाई. एरियल भाईर काढावी लागती. तुमचं तसंच हाय का काय?"

तसंच होतं. धातूच्या डब्यात लहर कोंडते हे मी दर वर्षी मुलांना फळ्यावर शिकवत होतो. मिस्त्रींनी नायलॉनचा दांडा लेथवर लावून नवीन बैठका आणि डबे करून दिले, बाटली बैठकीत अशी अलगद बसायची की बघत राहावं. नाचता येईना अंगण वाकडं म्हणायचीही मला सोय उरली नाही. निबंधात 'पदार्थाची निवड' असा एक परिच्छेद आहे, तो सगळा माझ्या नावावर आहे.

पहिली बैठक मिस्त्रींच्याच घरी लागली. दुसरी मेढ्याजवळच्या एका वाडीत, एका म्हाताऱ्या बाईंकडे. अशा आणखी काही. सुरुवातीला डॉक्टरांनी सगळ्यांना साताऱ्याला बोलावून बजावलं की थेंब प्रकल्पातर्फे घरपोच येतील, बाहेरून कुणी घ्यायचे नाहीत, नाहीतर अभ्यासाचा हिशोब चुकेल. मिस्त्रींना उजवा डोळा मिटायला लावून डाव्यासमोर बोटं धरली. त्यांना ती दिसली नाहीत. मग त्यांनी विचारलं, हा दुसरा राहील न्हवं? डॉक्टर म्हणाले, थेंब चुकवले नाहीत तर राहील. मिस्त्रींनी मान डोलवली. चुकवणं हा प्रकार त्यांच्या हातून होत नसे.

पहिल्याच महिन्याचा त्यांचा कागद बघून प्राध्यापक हरखले. सकाळी ठिपका, संध्याकाळी ठिपका, सैन्यातली परेड असावी तशी रांग. मेढ्याच्या बाईंचा कागद मात्र कोरा. कंपाउंडरनं औषध गार जागी ठेवा म्हणून सांगितलं होतं, म्हणून त्यांनी बाटली माठाशेजारी ठेवली होती आणि आमच्या बैठकीवर हळदीकुंकवाची कुयरी बसवली होती. थेंब त्या वेळच्या वेळी घालत होत्या. मी हे प्राध्यापकांना सांगितलं. ते म्हणाले, कागदावर नाही ते आपल्याला धरता येत नाही. त्यांनी बाईंना 'नावीन्याला विरोध करणाऱ्या' गटात टाकलं आणि मिस्त्रींना 'आदर्श स्वीकारकर्ता' म्हटलं. ही असली मराठी बोलायला यांना पगार मिळतो.

मग डॉक्टर परदेशी गेले. परिषद, तिथून एका हॉस्पिटलात प्रशिक्षण, तिथून लेकीकडे. जाताना त्यांची समजूत अशी की थेंबांच्या बाटल्या प्राध्यापक पाठवतील. प्राध्यापकांना वाटलं, मी दर महिन्याला जातोच तर मीच नेत असेन. मला वाटलं, औषध म्हणजे डॉक्टरांचं खातं. डोळा डॉक्टरांचा, डबा माझा, माणूस अर्थशास्त्राचा. बाटलीतलं औषध कुणाच्याच विषयात बसत नव्हतं. मेढ्याच्या बाईंनी डॉक्टरांचं बोलणं धुडकावून साताऱ्याच्या दुकानातून थेंब आणवले. आमच्या हिशोबाची त्यांना फिकीर नव्हती, म्हणून त्या वाचल्या.

मिस्त्रींच्या घरी प्राध्यापक प्रश्नावली घेऊन गेले होते. पान पान भरून प्रश्न. तुम्ही नवीन वस्तू शेजाऱ्यांच्या आधी घेता का? यंत्रावर तुमचा विश्वास आहे का? मिस्त्रींच्या बायकोनं चहा देताना सांगितलं की औषध सरत आलंय, तेवढं बघा. हे मला पुष्कळ नंतर कळलं, प्राध्यापकांनी भरलेला कागद हाती आला आणि मी त्यांना विचारलं तेव्हा. 'इतर शेरा' या चौकटीत प्राध्यापकांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: 'कुटुंबात उत्पादनाविषयी मागणी निर्माण झाली आहे.' मी तो कागद दोनदा वाचला.

पण मी कोण मोठा लागून गेलो? पुढच्या महिन्यात मी बॅटरी बदलायला कुपवाडला गेलो. मिस्त्री खाटेवर बसले होते. बैठक उलटी करायची म्हणून मी बाटली उचलली, तर हाताला ती हलकी लागली. मी कानाशी नेऊन हलवली. आत काही नव्हतं. नवी बाटली आत कपाटात असेल, असं मी मनाला सांगितलं. विचारायला किती वेळ लागला असता? पण मला मिरजेची बस गाठायची होती आणि माझ्या वहीत औषधासाठी रकानाच नव्हता. 'बॅटरी बदलली, उपकरण ठीक' एवढं लिहून मी निघालो. ती वही माझ्याकडे अजून आहे. फेकवत नाही.

ठिपके येत राहिले. महिन्यामागून महिना, एकही चुकला नाही. चिप मी उभ्याउभ्याच काढून आणत होतो, मिस्त्रींकडे बघायलाही थांबत नव्हतो. डॉक्टर परत आल्यावर साताऱ्यात परिसंवाद ठरला. व्यासपीठ, समई, मागे कापडी फलक, पाहुण्यांसाठी कंदी पेढे. प्राध्यापकांच्या डोक्यात आलं की आदर्श रुग्णाचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करावा. मिस्त्री बायकोबरोबर आले. पांढरा सदरा, नवी टोपी. पायरी चढताना बायकोनं त्यांचा दंड धरला होता, तो तिनं वरपर्यंत सोडला नाही. मला वाटलं, बुजलेत.

प्राध्यापकांनी नारळ पुढं केला. मिस्त्रींनी दोन्ही हात पुढं केले, ते नारळापासून चांगले वीतभर बाजूला. तिथं हवेत त्यांनी बोटं मिटली. समोर दोघंचौघं हसले, प्राध्यापकही हसले आणि नारळ त्यांच्या हातात नेऊन ठेवला. फोटो निघाला. टाळ्या वाजल्या. डॉक्टर तेवढे हसले नाहीत.

दुपारी डॉक्टरांनी त्यांना आपल्या दवाखान्यात नेऊन डोळा तपासला. मी दाराशी उभा होतो. दाब भयंकर वाढलेला, आतली नस पांढरीफटक. डॉक्टरांनी जरा चढ्या आवाजातच विचारलं, थेंब कधीपासून बंद आहेत? मिस्त्री म्हणाले, बाटली सरल्यापासून. बाहेरून घ्यायचे नाहीत असं तुम्हीच सांगितलं होतं.

"मग रिकामी बाटली रोज कशाला उचलत होता?"

"लाइट लागायची न्हवं," मिस्त्री म्हणाले. "दिसंना झाल्यावर मंडळी सांगायची. न्हाई उचलली तर साहेबांचा कागद बिघडला असता. डबा माज्या हातचा हाय. माज्या डब्यापायी टेस फेल गेली असं नगं व्हायाला."

आता थेंब, ऑपरेशन काहीही केलं तरी गेलं ते गेलं, हे डॉक्टरांनी मिस्त्रींच्या बायकोला बाहेर बोलावून सांगितलं. तिनं फक्त विचारलं, म्हणजे लेथ बंदच न्हवं? प्राध्यापकांना मी हे सगळं त्याच संध्याकाळी सांगितलं. ते विचारात पडले. मला वाटलं, लाजले. मग म्हणाले, म्हणजे रुग्णानं औषधापेक्षा यंत्राचा स्वीकार अधिक केला, यावर स्वतंत्र निबंध होऊ शकतो. आणि झाला. त्या निबंधावर माझंही नाव आहे. मी काढून घेतलं नाही. मिस्त्रींच्या ठिपक्यांचा कागद माझ्या प्रबंधात नकाशाच्या घडीसारखा दुमडून लावलेला आहे आणि त्याच्यावर मला पीएचडी मिळाली. घराच्या दारावर नावाच्या आधी 'डॉ.' मिरवणारी पाटी होती. बायकोनं रंग देताना ती उतरवली, मी परत लावली नाही.

पंधरा दिवसांनी बैठक काढून आणायला कुपवाडला गेलो. मिस्त्री दारातच खुर्चीवर होते. पावलांच्या आवाजावरून त्यांनी मला ओळखलं. त्यांच्या बायकोनं चहा टाकला, माझ्याशी मात्र एक अक्षर बोलली नाही. आत बाटली अजून बैठकीतच होती. मिस्त्रींनी विचारलं, डबा बरोबर चालला का? मी म्हणालो, चालला. एकही ठिपका चुकला नाही. त्यांना बरं वाटलं. ते बरं वाटलेलं बघून मला राहवलं नाही. मी त्यांना सांगितलं की बॅटरी बदलायला आलो होतो तेव्हाच बाटली रिकामी आहे हे मला कळलं होतं आणि मी बोललो नाही.

कपबशीच्या कडेवरून मिस्त्रींचं बोट फिरत होतं.

"मला म्हाईत हाय की," ते म्हणाले. "तवा थोडं दिसत हुतं मला. तुमी बाटली कानाला लावून हलीवली. मंडळी म्हनत हुती, उद्याच्याला साताऱ्याला जाऊन सांगून येऊ. मीच म्हनलं, नगं. साहेबांनी बघितलंय. आता येत्यालच थेंब."

मी आत जाऊन बैठक आणि डबा पिशवीत घातला. वायर नव्हतीच, त्यामुळे काढायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.