सासूबाईंच्या नावाची बुरशी

लोक त्यांना डॉक्टर म्हणत, आणि घोटाळा तिथूनच सुरू होई. जिन्यात कुणीतरी गाठून घसा दाखवी. डॉक्टर वाकून घशात डोकावत, गंभीरपणे मान हलवत आणि मग सांगत, "मी झाडांचा डॉक्टर. त्यातही फक्त बुरशीचा." समोरचा खट्टू होऊन तोंड मिटे. पण तेवढ्यात जिभेवर काही पांढरं दिसतंय का, हे डॉक्टरांनी पाहून घेतलेलं असे. सवयीला औषध नाही.

फळझाडांच्या रोगांच्या प्रयोगशाळेत त्यांचं टेबल होतं. लोक प्लास्टिकच्या पिशव्यांतून रोगट पानं, फांद्या, फळं पाठवत, आणि पोचेपर्यंत त्यांचा लगदा झालेला असे. डॉक्टर त्यातून निरोगी आणि रोगट भागाच्या सीमेवरचा नखाएवढा तुकडा कापत, जंतुनाशकात बुचकळत आणि काचेच्या बशीतल्या जेलीवर ठेवत. काही दिवसांनी त्यातून बुरशी उगवे. ती सूक्ष्मदर्शकाखाली बघून तिचं नाव सांगायचं, की काम संपलं. पोलीस निदान आरोपीला धरून नेतात. डॉक्टर नाव कळवून पुढची पिशवी उघडत.

एवढी वर्षं त्यांनी नावं सांगितली, पण सगळी दुसऱ्यांनी ठेवलेली. हे शल्य त्यांना आतून सलत होतं. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी एका रानगवतावर तांबेरा या बुरशीची नवी जात शोधली होती आणि तिला स्वतःच्या आजोबांचं नाव देऊन टाकलं होतं. चहाच्या वेळी बाई "आमचे आजोबा" असं सुरू करत, तेव्हा त्या माणसाबद्दल बोलतायत की तांबेऱ्याबद्दल, हे कळायला मार्ग नसे. डॉक्टरांचा चहा त्या वेळी गार होऊन जाई.

अशात एक दिवस सासूबाईंचा फोन आला.

सासूबाई शहराबाहेर एकट्या राहत. घरामागे सफरचंदाची सात-आठ झाडं होती. त्यातलं सगळ्यात जुनं स्वयंपाकघराच्या दाराशी होतं. ते सासऱ्यांनी लेक जन्मली त्या वर्षी लावलं होतं. सासरे गेले, लेक लग्न होऊन गेली, झाड राहिलं. खिडकीच्या गजापासून त्या झाडापर्यंत कपडे वाळत घालायची दोरी बांधलेली होती. ती बांधलीही सासऱ्यांनीच.

"जावईबापू, दाराशीच्या झाडाची एक फांदी वाळलीय. साल खचल्यासारखी दिसतेय," सासूबाई म्हणाल्या. "कापून टाकू का?"

"अजिबात हात लावू नका, आई! मी येतो."

डॉक्टर गेले, फांदीचे तुकडे घेऊन आले आणि बशा भरल्या. दोन दिवसांत बशीतून करड्या-गुलाबी रंगाची अशी काही लव उगवली, की ते खुर्चीतून उठून उभेच राहिले. झाडांच्या रोगांच्या पुस्तकांत अशी बुरशी नव्हती. जुन्या नमुन्यांच्या कपाटात नव्हती. शेजारच्या बाईंनी भिंग लावून पाहिली आणि त्या काहीच बोलल्या नाहीत. डॉक्टरांच्या आयुष्यातला हा सर्वांत मोठा पुरस्कार होता.

नाव त्यांनी त्याच संध्याकाळी ठरवलं. सासूचं नाव रोगाला द्यावं, असं बऱ्याच जावयांच्या मनात येऊन जात असेल, पण ते मनातच ठेवतात. यांनी ते आदरपूर्वक, शास्त्रशुद्ध पद्धतीने द्यायचं ठरवलं.

"माझ्या नावाची?" सासूबाईंनी फोनवर विचारलं.

"हो आई. जगभर आता तुमचं नाव घेतील."

"पण ती झाडं मारते ना?"

"अगदी निष्ठुरपणे!" डॉक्टर अभिमानाने म्हणाले.

हळूहळू सासूबाईंनाही ते आवडू लागलं. आयुष्यात कुणी त्यांच्या नावाची साधी पाटी लावली नव्हती. दारावरची पाटीदेखील सासऱ्यांच्या नावाची. आता दूधवाल्यापासून शेजारणीपर्यंत सगळ्यांना त्या सांगू लागल्या, की आमचे जावई माझ्या नावाची बुरशी काढतायत. लोक तोंडावर कौतुक करत आणि वळल्यावर हसत. त्या मात्र दर आठवड्याला फोन करून विचारत, "दुसरी फांदीही वाळली. आता तरी कापू का?"

"नको, नको. मला ताजे नमुने लागतील."

आणि त्या कापत नसत. जावई मोठा शास्त्रज्ञ, त्याच्यापुढे आपण काय बोलणार?

आता राहिला पुरावा. बुरशी निरोगी रोपात टोचायची, रोप आजारी पडलं पाहिजे, आणि त्यातून तीच बुरशी परत निघाली पाहिजे, तर ती गुन्हेगार. डॉक्टरांनी कुंड्यांतल्या सफरचंदाच्या रोपांना बुरशी टोचली आणि ते वाट बघत बसले. रोपं मजेत वाढली. त्यांना नवी पालवी फुटली. हिरवंगार रोप बघून ज्याचा चेहरा उतरतो, असा जगात हा एकच माणूस असावा. त्यांनी पुन्हा टोचली, जास्त टोचली, पाणी कमी केलं. रोपं बेशरमासारखी वाढतच राहिली. इतक्या बुरशा ओळखलेला माणूस एवढ्यावरून काय ते समजला असता. पण बुरशीवर सासूबाईंचं नाव लागून बसलं होतं, आणि चहाच्या वेळी डॉक्टरही "आमच्या सासूबाई" म्हणू लागले होते.

घरी बायको वेगळ्याच गोष्टीमागे लागली होती. प्रयोगशाळेतला एसी हाडं गोठवायचा, म्हणून डॉक्टर सासूबाईंनी विणलेला लांब बाह्यांचा लोकरी स्वेटर बारा महिने कामावर घालत. रात्री तो तिथल्याच ओलसर कपाटात कोंबत.

"अहो, त्या स्वेटरला वास येतो," बायको सुट्टीच्या दिवशी तो घरी आला की म्हणे. "धुवायला टाका ना!"

"धुतला की आटेल. आणि वास कसला? लोकरीचा असेल."

"लोकरीचा नाही हो. शिळ्या पावाचा."

ज्या माणसाला वासावरून चार प्रकारची कूज ओळखता येत होती, त्याने तो वास उडवून लावला. स्वतःच्या बगलेत बघायचं शास्त्रज्ञांना कुणी शिकवत नाही.

शेवटी एका दुपारी, रोपांना आता फळंच धरतात की काय अशी भीती वाटू लागल्यावर, डॉक्टरांनी पहिल्या दिवशी करायचं काम केलं. निरोगी फांदीचा तुकडा एका बशीत ठेवला आणि दुसरी बशी नुसती रिकामी उघडून झाकली. नवशिक्यांना ते स्वतः हे ओरडून ओरडून सांगत. स्वतः मात्र घाईत टाळलं होतं. दोन दिवसांनी दोन्ही बशांत करडी-गुलाबी लव उगवली.

मग त्यांनी खोलीभर बशा मांडल्या. एसीखाली, खिडकीशी, दाराशी, शेजारच्या बाईंच्या टेबलावरसुद्धा. त्या सगळ्या स्वच्छ राहिल्या. लव फक्त तिथे आली, जिथे डॉक्टर स्वतः बसले होते. ते बराच वेळ आपल्या हातांकडे बघत राहिले. मग हळूच त्यांनी स्वेटरची बाही एका बशीवर झटकली आणि झाकण लावलं.

दोन दिवसांनी ते झाकण उघडायची गरजच उरली नाही. काचेतूनच करडी-गुलाबी लव दिसत होती.

त्या गर्दीखाली, पहिल्या दिवसाच्या जुन्या बशांच्या एका कोपऱ्यात, हळू वाढणारी पांढरट बुरशी केव्हापासून दबून बसली होती. डॉक्टरांनी ती वेगळी काढली. सालीत घुसून फांदी खचवणारी, जुनी, जगप्रसिद्ध बुरशी होती ती. पहिल्या वर्षाच्या मुलांनाही ठाऊक असलेली. तिच्यावर उपाय सोपा आहे. खचलेल्या भागाच्या वीतभर खालून फांदी कापायची आणि जाळायची. बुंध्यापर्यंत पोचली, की मग काही करता येत नाही.

बायकोला घेऊन ते त्याच स्वेटरमध्ये सासूबाईंकडे गेले. दाराशीच्या झाडाचा बुंधा कमरेच्या उंचीवर खचला होता आणि सालीखाली बोट घातल्यावर तपकिरी भुगा हाताला लागला. डॉक्टरांनी सगळं सांगितलं, अगदी स्वेटरसकट. लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे माझ्या नावाची नाही ती."

"नाही, आई."

"मग याला औषध होतं?"

"होतं. सुरुवातीला."

"सुरुवातीला म्हणजे कधी?"

डॉक्टरांना उत्तर येत होतं. "तुम्ही पहिल्यांदा विचारलंत ना," ते शेवटी म्हणाले, "कापू का म्हणून. तेव्हा."

सासूबाई आत गेल्या आणि करवत घेऊन आल्या. डॉक्टरांनी झाड कापलं. त्यांना ते काम येत नव्हतं, हात सोलून निघाले, पण मजूर बोलवू का असं विचारायची हिंमत त्यांना झाली नाही. बायको फांद्या ओढून बाजूला रचत होती आणि त्यांच्याकडे बघत नव्हती. झाड पडलं तेव्हा दोरी सैल होऊन मातीत लोळली.

"तो स्वेटर काढा," सासूबाई म्हणाल्या.

त्यांनी काढून दिला. सासूबाईंनी पाणी उकळलं, साबण घातला आणि स्वेटर असा घासला, की डॉक्टरांना बघवेना. मग पिळून, सवयीने झटकत, त्या मागच्या दाराने बाहेर आल्या आणि दोन पावलांवर थांबल्या. ओला स्वेटर हातात घेऊन त्या जिथे झाड होतं तिथे बघत राहिल्या. पाणी त्यांच्या पावलांवर ठिबकत होतं.

डॉक्टर वाकले. मातीतलं दोरीचं टोक त्यांनी उचललं, उरलेल्या खुंटाशेजारी जाऊन उभे राहिले आणि दोरी ताणून धरली. सासूबाईंनी स्वेटर तिच्यावर टाकला आणि आत जाऊन दार लोटून घेतलं.

लोकर वाळायला वेळ लागतो. डॉक्टर तिथे संध्याकाळपर्यंत उभे होते.