सुभेदारांची कवायत
कॉम्प्युटर चालू करण्याआधी सुभेदार त्याला खणखणीत आवाजात ‘सावधान!’ म्हणत. फौजेच्या सिग्नल विभागातून निवृत्त झाल्यावर त्यांनी कराडात, खताच्या दुकानावर क्लास काढला होता. नव्वदच्या दशकातली गोष्ट. चपला जिन्यात काढून, पाय पुसून आम्ही त्या यंत्रापुढे बसायचो.

प्रोग्रॅमच्या ओळींना ते दहा, वीस, तीस असे नंबर द्यायला लावत. ‘‘मधी जागा ठिवा. मागनं कोनतरी येतंयच,’’ असं म्हणत. राहिलेली ओळ मग तिथे घुसवता येई. मीही क्लास अर्धा झाल्यावर आलेली. त्यांनी बाक सरकवून मला बसवलं होतं.

आमच्या आप्पांनी मात्र बजावलं होतं, ‘‘शनवारी येतो. कायतरी करून दाव. न्हाईतर क्लास बास, स्थळं बघाया घेतो.’’

मी आकडा ओळखायचा खेळ लिहिला. कॉम्प्युटरने मनात आकडा धरायचा, आपण सांगितलेला त्याहून मोठा की लहान ते बोलायचं. शुक्रवारी चालवला तर पन्नासला ‘लहान’ म्हणाला आणि एक्कावन्नला ‘मोठा’! मी वही घेऊन सुभेदारांकडे धावले.

सुभेदार मात्र खूश. चूक निघाली की त्यांना लग्नाचं आमंत्रण आल्यासारखं व्हायचं. ‘‘फॉल इन!’’ सगळा वर्ग गच्चीत, रांगेत. एकेक जण एकेक ओळ. दहा नंबर विट्याचा सदा, त्याने आकडा धरायचा. विसाने मला विचारायचं, तिसाने मोठा-लहान सांगायचं. चुकले की चाळीस ओरडायचा, ‘‘दहाकडं पळ!’’ ओढणी खोचून मी पळत होते.

शेवटी सदा कावला. ‘‘आवं सुभेदार, दर बारीला नवा आकडा कुठनं आणू? डोस्कं फिरलं माजं!’’

मी धावता धावता थांबले. ‘‘अगं बाई! दहाकडे गेलं की आकडाच बदलतो. मला विसाकडे पाठवायला हवं होतं!’’

सुभेदारांना ते आधीच दिसलेलं होतं. मिशीतल्या मिशीत हसत म्हणाले, ‘‘शाबास! पर आनी एक चक्कर मार.’’ गच्ची हसून हसून लोळायची बाकी होती.

शनिवारी आप्पा आले. टोपी सारखी करून एका बोटाने आकडे दाबू लागले. ‘बरोबर!’ उमटलं तसे ते उठलेच. ‘‘आयला, वळीखला की मी!’’

‘‘मग, पोरीच्या क्लासचं काय?’’ सुभेदारांनी विचारलं.

‘‘थांबा वो, मधी बोलू नगा. आनी एकदा!’’ आमची एसटी चुकली. क्लास चालू राहिला आणि पुढे माझं पोटपाणीही त्यावरच चाललं.

सुभेदार गेले तेव्हा आम्ही जुने विद्यार्थी कृष्णाकाठी जमलो. कुणी न सांगता रांगेत उभे राहिलो, हातभर अंतर सोडून. मला रडू येत होतं आणि ती रांग बघून हसूही. तेवढ्यात सदा धापा टाकत, उशिरा आला. मधे जागा होतीच.