मिठाच्या डब्यावरचं नाव

परवानगी मागण्यात माझ्या मेव्हण्याचा हात धरणारा माणूस उभ्या वर्धा जिल्ह्यात सापडणार नाही. मी जिल्हा फिरून मोजणी केलेली नाही, हे आधीच सांगतो. पण हा बायकोचा धाकटा भाऊ आर्वीत आमच्या घरी वर्षभर राहिला, त्या आधारावर बोलतो आहे. वनस्पतिशास्त्रात पीएचडी, त्यावर जर्मनीत सात वर्षं पोस्टडॉक, म्हणजे दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत दुसऱ्याच्या प्रश्नावर काम. चाळिशीला टेकलेला हा विद्वान पंखा लावण्याआधी दाराशी येऊन विचारायचा, "भाऊजी, लावू का?" पंखा त्याच्याच खोलीतला. ताटात उरलेली भाकरी खाऊ का, आंघोळीला आता जाऊ का, अंगणातला पाइप गुंडाळू का. मी "हो" म्हटल्यावर "नक्की ना?" हा दुसरा प्रश्न ठरलेला.

तिकडच्या कामाची शिस्त त्याच्या हातात इतकी मुरली होती, की एका रविवारी त्याने आमच्या स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांवर कागदी पट्ट्या चिकटवल्या. जिन्नस, भरल्याची तारीख, आणि सवयीने सर्वांत वर तिकडच्या सरांची आद्याक्षरं. तिथे प्रत्येक बाटलीवर ती लिहावीच लागत. बायको बराच वेळ डबा हातात धरून उभी राहिली. "हे कोन हाय रे बाबू? माह्या मिठाचा मालक?" तो ओशाळला, पण पट्ट्या काढायच्या का, हेही त्याने विचारलंच.

हसण्यासारखं इथपर्यंतच होतं. स्वतःची प्रयोगशाळा मिळवून देणाऱ्या एका योजनेसाठी तो आदल्या वर्षी मुलाखतीला गेला होता. समितीने विचारलं, या संशोधनातलं तुमचं स्वतःचं काय? हा म्हणाला, "आमच्या सरांचं मत असं आहे..." तिथेच ते संपलं. आता वयाच्या अटीनुसार शेवटची संधी उरली होती. ती हुकली, तर उरलेलं आयुष्य तासिका तत्त्वावर शिकवत काढायचं, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

संध्याकाळी मी समिती व्हायचो आणि तोच एक प्रश्न विचारायचो. दर वेळी उत्तरात सर यायचे. एकदा बायको भाकरी थापता थापता वैतागली.

"सरानं सांगतलंच नसतं, तर तू काय पाह्यलं असतं?"

त्याने हातातली टिपणं उपडी ठेवली. मग सरांना बाजूला ठेवून पहिल्यांदाच बोलला. "ताई, आपल्या समुद्रपूरच्या वावरात पानी साचलं की कपाशीची पऱ्हाटी पिवळी पडे. पन बांधाजवळची झाडं हिरवीच राहत. बाबाले मी विचारलं होतं, काऊन? ते म्हणे, असंच असते. मले तेच पाह्यचं हाय. त्या मातीत, मुळाशी काय होऊन राह्यलं ते."

तिचा हात परातीत थांबला. तो लगेच म्हणाला, "सरांले विचारू का, हे चालन का म्हणून?"

"विचारू नको," ती म्हणाली. "सांगजो."

मुलाखतीत त्याने ते वावरच सांगितलं आणि त्याची निवड झाली. त्याने सरांना फोन करून सांगितलं. सर मनापासून आनंदले आणि म्हणाले, आता लिहिलेलं मला आधी दाखवू नकोस, छापून आल्यावर वाचीन. फोन ठेवून हा ओट्यावर बसून राहिला. मला वाटलं, आनंदाने.

"भाऊजी, आता मी कोनाले विचारू?"

मी शेजारी बसलो.

आता तो नागपूरला असतो. मातीसाठी एसटीने समुद्रपूरला येतो आणि जाताना वाट वाकडी करून आमच्याकडे एक मुक्काम करतो. त्याच्या पिशवीतल्या बाटल्यांवर आता त्याचंच नाव असतं, अक्षर मात्र अजून बारीक, जागा अडेल या भीतीने लिहिल्यासारखं. मागच्या खेपेला त्याने पंखा न विचारता लावला. मी बाहेर पेपर वाचत होतो. पात्यांचा आवाज ऐकला आणि "हो" म्हणायला उघडलेलं तोंड मिटलं.

परवा मिठाचा डबा धुताना सरांच्या नावाची पट्टी सुटून आली. बायकोने ती पुसली, खिडकीत वाळवली आणि होती तिथेच पुन्हा चिकटवली.